पश्चिमेची भिंत

ट्रंक मी मोडीत दिली ती मे महिन्यात. सासूबाईंच्या लग्नातली, पत्र्याची, झाकणावरचा हिरवा रंग उडालेली. भंगारवाल्याने ती दोन बोटांनी वाजवली, वजन केलं आणि खांद्यावर टाकून जिना उतरला. सासूबाई तेव्हा गॅलरीत तांदूळ निवडत होत्या.

डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर आमचं वन बीएचके. आम्ही दोघं, मुलगा, सासूबाई आणि ‘लागेल कधीतरी’ म्हणून राखलेल्या शंभर वस्तू: घंगाळ, मखर, पाहुण्यांच्या गाद्या, टीव्हीचं रिकामं खोकं. दिवाणाखाली ट्रंक, ट्रंकेवर पिशव्या, पिशव्यांवर धूळ. जागा हवी होती, आणि बेडरूमची पश्चिमेची अख्खी भिंत रिकामी दिसत होती. मिस्त्रीला बोलावलं. जमिनीपासून छतापर्यंत, सात फूट रुंद कपाट. तो म्हणाला, “वहिनी, मागे भिंत आहेच. पाठीला पातळ प्लाय ठोकतो, पैसे वाचतील.” मला ते एकदम पटलं. आपले पैसे वाचवणारा माणूस शहाणाच वाटतो.

आपल्याकडचा पाऊस नैर्ऋत्येचा, म्हणजे झोडपून काढतो तो पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. दर श्रावणात त्या भिंतीचे पोपडे मीच झाडून काढत होते. पण कपाट लागलं की भिंत झाकली जाईल, याचंच मला सुख होतं. भिंत झाकली गेली. ओल नाही.

जुलैत कुबट वास यायला लागला. मी डांबराच्या गोळ्या वाढवल्या. गणपतीत मखर काढलं तर थर्माकोलवर राखाडी ठिपके. तरीही मी पुसून परत ठेवलं. खरी वर्दी दसऱ्याला मिळाली. सासूबाईंची पैठणी उलगडली तर पदराच्या घडीवर, जिथे ती पाठीच्या प्लायला टेकली होती तिथे, जर काळी पडलेली. बोटभर रुंदीची, सरळ, पट्टीने ओढल्यासारखी रेघ. गोळ्यांपैकी दोन थेट जरीवरच पडलेल्या होत्या. प्लायला नखाने टोकरलं तर ओल्या पुठ्ठ्यासारखा पदर सुटून आला.

म्हणून आता कोणी “कपाट करतेय” म्हटलं की मी आधी विचारते, कुठल्या भिंतीला? बाहेरच्या भिंतीला नको, आणि ज्या भिंतीपलीकडे न्हाणीघर आहे तिलाही नको. शंका असेल तर एक सोपा उपाय आहे. फूटभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीला डकवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. भिंतीकडच्या अंगाला थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या अंगाला जमले तर दमट हवा आहे, खिडक्या उघडा. ही परीक्षा पावसाळ्यातच घ्यायची. मेमध्ये सगळ्याच भिंती कोरड्या असतात, आणि कपाटं आपण नेमकी मेमध्येच करतो.

दुसरी भिंतच नसेल, तर आधी बाहेरून गळती बंद करून घ्या. मग कपाट भिंतीपासून इंच-दीड इंच सोडून उभं करा, खाली चार इंचांचे पाय द्या, दारांना वर-खाली जाळी ठेवा. प्लायच्या दुकानात ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द फार स्वस्त आहे, शिक्का बघा. आयएस ७१० हा मरीन प्लाय, आयएस ३०३ मध्ये एमआर आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) असे दोन प्रकार. एमआर फक्त दमटपणापुरता. अर्थात मरीन प्लाय लावला तरी कपड्यांना येणारी बुरशी थांबत नाही. टिकतो तो प्लाय, पैठणी नव्हे.

संडासावरच्या माळ्याचं थोडक्यात सांगते. तोही आम्ही लाकडी दारं लावून गच्च बंद केला होता. वरच्या मजल्याची नहाणी गळायला लागली तेव्हा प्लंबरला पाइपापर्यंत पोचायला अर्धा माळा तोडावा लागला. पाइपाजवळचं दार सुटं ठेवा. माळ्यावर पुस्तकंही चढवू नका. फूटभर रांगेचंच वजन आठ-दहा किलो भरतं.

आणि हे सगळं करायच्या आधी घरात जे आहे तेच एकदा बाहेर काढा. पश्चिमेचं ते कपाट तोडताना मी सगळं सामान हॉलमध्ये मांडलं. आठ गाद्या निघाल्या. आमच्याकडे एका वेळी आठ पाहुणे शेवटचे मुक्कामाला कधी आले होते, ते आम्हा तिघांपैकी कोणालाच आठवेना. सहा गाद्या आणि सगळी खोकी गेली, आणि सात फुटांच्या कपाटाचं सामान साडेतीन फुटांत मावलं. हे नवं कपाट आता आतल्या भिंतीला आहे. दिवाणात फक्त वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तू, कारण रोज गादी कोण उचलणार?

पैठणीची रेघ गेली नाही. रफूवाल्याने हात लावायला नकार दिला, बरंच केलं. गेल्या दसऱ्याच्या आधी मी बाजारातून पत्र्याची नवी ट्रंक आणली, जुनीच्या निम्म्या आकाराची. सासूबाईंनी झाकण उघडून आत हात फिरवला, कडा चाचपल्या. काही बोलल्या नाहीत. आत जाऊन सासऱ्यांचं एक मऊ, धुवट धोतर घेऊन आल्या, त्यात पैठणी गुंडाळली, आणि या वेळी घडी उलट्या बाजूने घातली.