घोट्याची झीज : पैसा आधी बुटात घाला

गुडघा बहुधा वयानं झिजतो. घोटा बहुतेक वेळा जुन्या दुखापतीचं व्याज वसूल करतो. वीस वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडून मोडला असेल, तर डॉक्टरांकडे जाताना तेव्हाचे कागद सोबत न्या.

पहिला खर्च एक्स-रेचा, शहरात साधारण चारशे ते आठशे रुपये. चिठ्ठीवर ‘उभं राहून’ असं लिहून घ्या. झोपवून काढलेल्या फोटोत सांध्यावर वजन नसतं, त्यामुळे फट आहे त्याहून मोठी दिसते आणि फोटो पुन्हा काढावा लागतो. पाच-आठ हजारांचा एमआरआय सुचवला, तर त्यानं उपचारात काय बदलणार ते आधी विचारा.

खरा पैसा बुटात घालायचा. पायाच्या अंगठ्याचा सांधा झिजला असेल, तर दुकानात बूट हातात घेऊन पुढून वाकवून बघा. घडी पडली की परत ठेवा, दुकानदार ‘लोण्यासारखा मऊ’ म्हणत असला तरी! तळ कडक आणि पुढे होडीसारखा उचललेला हवा. त्याला रॉकर सोल म्हणतात. घोट्यालाही तो मानवतो. दोन-पाच हजार लागतील. खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. आपल्याकडे चप्पल उंबऱ्याबाहेर राहते, म्हणून घरात वापरायला वेगळा जोड घ्या. सासूबाईंनी हरकत घेतली तर डॉक्टरांचं नाव सांगा.

डायक्लोफिनॅकचं जेल जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतं. रोजची वेदनाशामक गोळी मात्र मूत्रपिंडाला आणि जठराला महाग पडू शकते. फिजिओथेरपीचं वीस भेटींचं पॅकेज नको. तीन-चार भेटींत व्यायाम शिका, मग घरी करा.

स्टेरॉइडच्या इंजेक्शननं काही आठवडे, फार तर काही महिने बरं वाटतं. पीआरपीला, म्हणजे आपल्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सच्या इंजेक्शनला, एका वेळी आठ-दहा हजार किंवा जास्तही मागतात. नेदरलँड्समध्ये घोट्याच्या झिजेच्या 100 रुग्णांवर ते तपासलं गेलं. निष्कर्ष 2021 साली आला. 26 आठवड्यांनंतर पीआरपी आणि नुसतं मिठाचं पाणी यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. या पैशांत बुटांचे दोन जोड येतात.

शस्त्रक्रियेत एकतर सांधा कायमचा जोडतात किंवा कृत्रिम बसवतात. खासगीत खर्च लाखांत जातो. 2017 साली सरकारनं किमतीला लगाम घातला तो गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या, घोट्याच्या नाही. म्हणून अंदाजपत्रकात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. विम्याच्या अनेक पॉलिसींत सांधेरोपणाला प्रतीक्षाकाळ असतो, तोही तपासा. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे त्या पायावर भार देता येत नाही. वॉकर, कमोडची खुर्ची आणि बुडालेली मजुरी हे बिलात दिसत नाही, तेही धरा.