एकच इंजेक्शन पुरतं का?

प्रश्न : वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, जाळी बसवली. ऑपरेशनआधी सलाईनच्या नळीतून अँटिबायोटिकचं एक इंजेक्शन दिलं आणि घरी सोडताना फक्त दुखणं थांबवायच्या गोळ्या. शेजारच्या काकांना याच ऑपरेशननंतर आठवडाभर अँटिबायोटिक होतं. वडिलांच्या औषधात काही कमी पडलं का?

उत्तर : नाही. त्यांना जे हवं होतं, ते वेळेवर मिळालं.

जखमेत शिरणारे जंतू बहुतेकदा रुग्णाच्याच त्वचेवरचे असतात. त्वचा कितीही नीट पुसली तरी ते पूर्ण जात नाहीत आणि छेद घेताच आत उतरतात. त्या क्षणी औषध रक्तातून तिथल्या मांसापर्यंत पोचलेलं हवं. अमेरिकी शल्यचिकित्सक जॉन बर्क यांनी १९६१ मध्ये गिनीपिगांवर प्रयोग करून हे दाखवलं. जंतू टोचण्याआधी दिलेलं पेनिसिलीन सर्वांत प्रभावी ठरलं. तीन तास उलटल्यावर दिलेल्याचा काहीच उपयोग झाला नाही.

माणसांमध्येही तेच दिसलं. सॉल्ट लेक सिटीच्या एका रुग्णालयातल्या २,८४७ रुग्णांची पाहणी १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. छेदाआधीच्या दोन तासांत औषध मिळालेल्यांपैकी ०.६ टक्के जणांची जखम चिघळली. छेदानंतर तीन तास उलटून गेल्यावर औषध मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ३.३ टक्के होतं. आणि फार लवकर, म्हणजे दोन तासांहून आधी दिलेल्यांमध्ये ३.८! औषध शरीरातून उतरत जातं, म्हणून घाईही नडते. याच कारणाने ऑपरेशन लांबलं तर भूलतज्ज्ञ मध्येच दुसरा डोस देतात. सेफाझोलिन हे नेहमीचं औषध साधारण चार तासांनी पुन्हा देतात.

टाके घातल्यावर मात्र हे काम संपतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्टच सांगितलं आहे, की केवळ प्रतिबंध म्हणून ऑपरेशननंतर अँटिबायोटिक लांबवू नये. ‘असू द्या, खबरदारी म्हणून’ दिलेल्या गोळ्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात, जुलाब लावतात आणि औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंना रान मोकळं करून देतात. पुढे खरंच संसर्ग झाला, तर तेच जंतू गाठतात. ही सवय आता मोडायला हवी, असं मला मनापासून वाटतं. अपेंडिक्स फुटलं असेल किंवा आधीच पू झाला असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे अँटिबायोटिक हा उपचारच असतो आणि तो ऑपरेशननंतरही काही दिवस चालतो.

वडिलांना मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा. जखम लाल होऊन गरम लागली, दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, पाणी किंवा पू आला, ताप चढला, तर घरातल्या उरलेल्या गोळ्या सुरू न करता थेट सर्जनना दाखवा. जाळी असल्यामुळे अशी तक्रार काही महिन्यांनी उद्भवली तरी ऑपरेशनचे कागद सोबत न्या.