ट्रकमध्ये सिंथेटिक ऑइल टाकायचं का? आधी किलोमीटरचा हिशेब करा

मागच्या व्हिडिओत आपण एका ट्रकचा महिन्याचा खर्च मांडला. हप्ता, डिझेल, टायर, टोल, ड्रायव्हरचा पगार, सगळं घेतलं, पण इंजिन ऑइलची ओळ मी एका वाक्यात उरकली. ती चूक माझ्या लक्षात आली धुळ्याच्या वर्गात. एक भाऊ उठले. त्यांची एकच गाडी, दहा टायरची, सावद्याहून केळी भरून दिल्लीला जाणारी. म्हणाले, "सर, दुकानदार बोलला सिंथेटिक टाका, दुप्पट चालेल. मी दुप्पट चालवलं. इंजिन जाम झालं."

गाडी तीन आठवडे गॅरेजला. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. मेकॅनिकने इंजिन खोललं तेव्हा बेअरिंग घासलेले, आणि एअर फिल्टरच्या पुढच्या होज पाइपला चीर. त्या चिरेतून आपल्या खान्देशातली धूळ रोज इंजिनात जात होती. साध्या ऑइलवर असते तर निम्म्या अंतरावर ऑइल बदलताना ती धूळ बाहेर गेली असती, आणि कदाचित मेकॅनिकच्या नजरेला चीरही पडली असती. ऑइल खराब नव्हतं. बाकी काही न तपासता अंतर वाढवलं, हे चुकलं.

म्हणून आज फक्त हा एकच विषय.

दर लिटरचा बघू नका

दुकानात आपण काय विचारतो? "लिटरला कितीला?" इथेच गणित बिघडतं. ऑइलचा खर्च दर किलोमीटरला किती पडतो, हे काढायचं. वही घ्या. मी समजायला सोपे आकडे धरतो, तुम्ही तुमच्या गाडीचे आणि तुमच्या दुकानातले टाका.

धरा, चेंबरमध्ये २० लिटर बसतं. साधं ऑइल ३०० रुपये लिटर, म्हणजे ६,०००. फिल्टर आणि मजुरी २,०००. एकूण ८,०००. २०,००० किलोमीटरला बदली, तर किलोमीटरला ४० पैसे. आता सिंथेटिक ५५० रुपये लिटर धरा. ११,००० अधिक २,०००, एकूण १३,०००. हेही २०,००० लाच बदललं तर ६५ पैसे, म्हणजे सरळ तोटा. ४०,००० ला बदललं तर साडेबत्तीस पैसे. दोन्ही बरोबरीला येतात ते ३२,५०० किलोमीटरवर. त्याच्या आत ऑइल काढणार असाल तर महाग बकेट घेऊन काही मिळवलं नाही.

वर्षाला लाख किलोमीटर पळणाऱ्या गाडीत हा फायदा होतो ७,५०० रुपये. एवढ्यासाठी इंजिन पणाला लावायचं का, हा प्रश्न त्या भाऊंनी आधी विचारायला हवा होता.

आता दुसरी बाजू बघा. तीच गाडी लिटरला ४ किलोमीटर देते, तर वर्षाला २५,००० लिटर डिझेल. ९० रुपये भाव धरला तर साडेबावीस लाख. यात नुसता एक टक्का वाचला तरी २२,५०० रुपये. म्हणजे खरा पैसा डिझेलमध्ये आहे. पण सावध! डिझेल वाचतं ते ऑइल पातळ असल्यामुळे, डब्यावर 'सिंथेटिक' लिहिल्यामुळे नाही. १५डब्ल्यू-४० काढून सिंथेटिक १५डब्ल्यू-४० च टाकलं तर डिझेलमध्ये फारसा फरक दिसायचा नाही. आणि पातळ ग्रेड गाडीच्या पुस्तकात दिला असेल तरच टाकायचा, नाहीतर बेअरिंगवरचा थर कमी पडतो. एक टक्का मोजणंही सोपं नाही. टायरची हवा, लोड, ड्रायव्हरचा पाय, यातच चार-पाच टक्के इकडेतिकडे होतात. फुल टाकी ते फुल टाकी, एकाच रूटच्या आठ-दहा फेऱ्या लिहा, तेव्हा कुठे काही कळेल.

आपल्याकडे कोणाला उपयोग?

१५डब्ल्यू-४० मधला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती लवकर वाहतं ते सांगतो, शेवटचा आकडा गरम इंजिनातला जाडपणा सांगतो. आता भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. इथे सकाळी गाडी चालू करताना ऑइल गोठायची भीती कोणाला? जी गाडी एमआयडीसीतून पाइप किंवा डाळ भरून आसपास फिरते, वर्षाला तीस-चाळीस हजार किलोमीटर करते, तिला चांगलं मिनरल ऑइल वेळेवर बदललेलं पुरतं. पण तीच गाडी जानेवारीत केळी घेऊन जम्मूकडे जात असेल, किंवा भरल्या लोडने पळासनेरच्या पुढे बिजासन घाट चढून आग्रा रोडने रोज पळत असेल, तर गोष्ट वेगळी. टर्बो तापतो, ऑइल तिथे जळून घट्ट होतं. सिंथेटिक हा ताप जास्त दिवस सोसतं. त्याचा खरा गुण हाच.

धूळ मात्र कुठलंच ऑइल सोसत नाही. आधी एअर फिल्टर, मग ऑइल.

आणि गाडी ऑइल खात असेल तर विषयच सोडा. दर हजार किलोमीटरला एक लिटर टॉप-अप लागतं, तर २०,००० किलोमीटरला २० लिटर सिंथेटिक धूर होऊन जाणार. लिटरला २५० रुपये फरक, म्हणजे ५,००० रुपये जास्तीचे जाळले. त्या पैशात आधी इंजिनाचं काम बघा.

डब्यावर काय वाचायचं

'सिंथेटिक' शब्दावर फार जाऊ नका. १९९९ साली अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांचा याच शब्दावरून वाद झाला होता. क्रूडपासूनच पण जास्त शुद्ध केलेल्या तेलाला सिंथेटिक म्हणायला तिथल्या जाहिरात मंडळाने मोकळीक दिली. 'सेमी सिंथेटिक', 'सिंथेटिक टेक्नॉलॉजी' असं लिहिलेल्या डब्यात ते किती टक्के आहे, हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. त्यापेक्षा एपीआयचा दर्जा वाचा: सीआय-४ प्लस, सीके-४ वगैरे. बीएस-६ गाडी, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, असेल तर हे फारच महत्त्वाचं. तिच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असेल, तर काजळी जळते पण ऑइलमधली राख जळत नाही, ती तिथेच साचते. म्हणून कमी राखेचं, पुस्तकात लिहिलेल्या दर्जाचंच ऑइल. आमचा एक ड्रायव्हर म्हणायचा, "तेल म्हंजे तेलच शे ना भाऊ!" बीएस-६ गाडीत हे चालत नाही.

बकेट पक्क्या बिलावर घ्या. रिकामी झाली की तिला भोक पाडा, नाहीतर तीच बकेट भेसळीचं ऑइल भरून परत तुमच्याच दुकानात येते.

बदलताना

सिंथेटिकवर गेलो की परत येता येत नाही, ही अफवा आहे. दोन्ही एकमेकांत मिसळतात. रस्त्यात अडचणीला साधं टॉप-अप केलं तरी चालतं, फक्त मग बदली साध्या ऑइलच्या अंतरावर करायची. जुन्या इंजिनात गळती सुरू झाली तर बहुतेक वेळा सील आधीच गेलेली असते. मळाने बुजलेली होती, मळ सुटला आणि ती दिसली.

गरम इंजिनातून जुनं ऑइल पूर्ण निथळू द्या, फिल्टर नवा लावा. इंजिन डिझेलने धुवायचं कोणी सांगितलं तर नको म्हणा. आत राहिलेलं डिझेल नव्या ऑइलला पातळ करतं. पहिली बदली जुन्याच अंतरावर करा, कारण नवं ऑइल जुना मळ उचलतं. ऑइल काळं झालं म्हणून घाबरू नका, डिझेल इंजिनात ते लवकरच काळं होतं.

अंतर वाढवायचं तर निम्म्या वाटेवर थोडं ऑइल बाटलीत काढून लॅबला द्या. रिपोर्टमध्ये सिलिकॉन वाढलेलं दिसलं तर धूळ शिरतेय. लोखंड वाढलं तर इंजिन घासतंय. टीबीएन म्हणजे आम्ल मारायची उरलेली ताकद, ती किती शिल्लक आहे ते बघा. डिझेल मिसळलं असेल तर इंजेक्टर तपासा. त्या भाऊंनी हा रिपोर्ट काढला असता तर ती चीर काही शे रुपयांच्या पाइपमध्ये मिटली असती. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय पुस्तकातलं अंतर ओलांडू नका.

काढलेलं ऑइल सेंट्रिंगवाल्याला किंवा नाल्यात देऊ नका. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. परवानाधारक गोळा करणाऱ्याला द्या, तो पैसेही देतो.

पुढच्या भागात टायरचा खर्च घेऊ. तोपर्यंत तुमच्या गाडीची शेवटची बदली कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर झाली आणि मधे किती लिटर टॉप-अप लागलं, एवढे तीन आकडे वहीत लिहून आणा.