नवीन ब्रेक पॅड: आधी बसू द्या, मग माल भरा



गोव्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. या ६१ दिवसांत होडी, जाळी, इंजिन सगळ्याची डागडुजी होते. मासळी वाहणारी पिकअप किंवा छोटा हत्ती मात्र शेवटच्या दोन दिवसांत गॅरेजला जातो. ब्रेक पॅड संपले असतील तर संध्याकाळी नवीन बसवतात, आणि त्याच रात्री क्रेट-बर्फ भरून गाडी चोर्ला किंवा अनमोड घाटाने बेळगावकडे निघते. नवीन पॅड आहेत, आता काळजी नाही असं आपल्याला वाटतं. पण खरी काळजी त्याच रात्री घ्यायची असते.

आजचा विषय म्हणून हाच घेतला आहे: नवीन पॅड डिस्कवर कसे बसवून घ्यायचे, आणि ब्रेकचा कर्कश आवाज कसा टाळायचा. आपल्या बहुतेक गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. इथे मुख्यतः पुढच्या डिस्कबद्दल लिहितो.

नवीन पॅड लगेच का धरत नाही?

होडीला नवीन इंजिन बसवलं की पहिल्या दिवशी आपण फुल लोड देत नाही. पॅडचंही तसंच आहे.

जुन्या डिस्कवर बारीक रेघा पडलेल्या असतात आणि नवीन पॅड सपाट असतो. त्यामुळे सुरुवातीला पूर्ण पॅड डिस्कला टेकत नाही, मधले मधले उंचवटे तेवढे टेकतात. दुसरी गोष्ट, पॅडच्या मसाल्याचा एक अगदी पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा चढावा लागतो. तो चढला की ब्रेक नीट धरतो. तिसरी गोष्ट, पॅडचा मसाला घट्ट राहावा म्हणून त्यात राळेसारखा पदार्थ असतो. पहिल्यांदा खूप तापल्यावर त्यातून वायू सुटतो आणि पॅड व डिस्कच्या मध्ये येतो. पेडल कडक लागतं, पण गाडी थांबत नाही.

आता भरलेली गाडी, घाटाचा उतार, रात्रीचा पाऊस आणि वर असा पॅड, हे सगळं एकत्र आलं तर काय होईल ते सांगायला नको. आणि त्या रात्री निभावून गेलं तरी एकदम भाजलेल्या पॅडचा वरचा भाग काचेसारखा गुळगुळीत होतो. मेकॅनिक त्याला ग्लेझ झाला म्हणतात. असा पॅड कमी धरतो आणि जास्त ओरडतो.

पॅड बसवून घ्यायची पद्धत

पॅडच्या खोक्यावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत वेगळी पद्धत दिली असेल तर तीच धरा. नसेल तर ही सर्वसाधारण रीत आहे. गाडी रिकामी हवी, रस्ता मोकळा, सपाट आणि कोरडा हवा. भल्या पहाटेची वेळ बरी. प्रत्येक ब्रेकच्या आधी आरशात मागे बघा.

१. गाडी हलवायच्या आधी जागेवरच पेडल चार-सहा वेळा दाबा, कडक लागेपर्यंत. पॅड बदलताना कॅलिपरचा पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा पेडल खालपर्यंत जातं. हे विसरून गाडी काढली तर गॅरेजच्या दारातच अपघात होतो.

२. ५० च्या वेगावरून २० पर्यंत, हलक्या पायाने ब्रेक लावा. असं ८ ते १० वेळा. दोन ब्रेकच्या मध्ये अर्धा-एक मिनिट गाडी पळू द्या म्हणजे डिस्कला वारा लागतो.

३. मग ६० वरून २० पर्यंत, जरा जोर देऊन, परत ८ ते १० वेळा. चाक जाम होईल इतका जोर नको. थोडा जळका वास आला तर घाबरू नका, नवीन पॅडला तो येतो. धूर दिसला तर मात्र ब्रेक लावणं बंद करून गाडी थंड होऊ द्या.

४. या वेळात गाडी पूर्ण थांबवू नका. तापलेला पॅड एकाच जागी दाबून राहिला तर त्याचा मसाला डिस्कवर तिथेच चिकटतो. पुढे ब्रेक लावताना पेडल थरथरतं आणि आपण डिस्क वाकली समजून खर्चात पडतो. थांबावंच लागलं तर पाय काढून हँडब्रेकवर गाडी धरा.

५. शेवटी दहा मिनिटं, शक्यतो ब्रेक न लावता गाडी चालवून थंड करा.

एवढ्याला अर्धा-पाऊण तास लागतो. त्यानंतरचे २५०-३०० किलोमीटर जवळच्या बाजारापुरता हलका माल घ्या, घाट टाळा. अचानक कोणी आडवं आलं तर अर्थातच पूर्ण ब्रेक दाबा, तिथे पॅडचा विचार करायचा नाही.

म्हणून हिशेब सोपा ठेवा. १ ऑगस्टला गाडी लागणार असेल तर पॅड जुलैच्या मध्यालाच बदला.

ब्रेक ओरडतो कशामुळे?

फळ्यावर खडू एका ठरावीक तिरपेपणाने धरला की कर्रकन आवाज येतो. तो धरून-सुटून, धरून-सुटून थरथरतो म्हणून. पॅडचंही तसंच. पॅड त्याच्या जागेत सैल असेल किंवा पिनवर अडकत असेल तर तो वेगाने थरथरतो, आणि तीच थरथर आपल्याला चीं असा आवाज म्हणून ऐकू येते. म्हणजे आवाज बंद करायचा तर थरथर बंद करायची.

पॅड बदलताना गॅरेजमध्ये उभं राहून हे करून घ्या:

- एका बाजूचे पॅड बदलू नका. पुढच्या दोन्ही चाकांचे एकत्र बदला.
- पॅड ज्या खाचेत सरकतो तिथला गंज तारेच्या ब्रशने साफ करा. आपल्या गाड्यांवर खारं पाणी पडतं, त्यामुळे इथेच गंज फुगतो आणि पॅड अडकतो. गंजलेल्या क्लिपा नवीन घाला.
- कॅलिपरच्या सरकत्या पिना काढून पुसा. त्यांवर ब्रेकसाठीचं, उष्णता सोसणारं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं चेसिसचं ग्रीस चालत नाही, त्याने रबर फुगतं आणि पिन अडकते. रबरी टोपी फाटली असेल तर बदला, नाहीतर खारं पाणी आत जाणारच.
- पॅडच्या पाठीमागची पातळ पत्री, म्हणजे शिम, फेकून देऊ नका. थरथर शोषायचं काम तीच करते. पॅडच्या पाठीला आणि दोन्ही कानांना ब्रेक ग्रीसचं बोट फिरवा. मसाल्याच्या बाजूला किंवा डिस्कला थेंबही लागता कामा नये.
- डिस्क नवीन असेल तर तिच्यावर गंज न लागण्यासाठी तेल असतं. ब्रेक क्लीनरने ते पूर्ण पुसा. डिस्कच्या कडेला उंच धार आली असेल, खोल चरे असतील किंवा जाडी कमी झाली असेल तर डिस्क मेकॅनिकला मोजायला सांगा. कमीत कमी जाडीचा आकडा बऱ्याच डिस्कवर कोरलेला असतो.
- डिझेल, ग्रीस किंवा मासळीचं तेल लागलेल्या हाताने पॅड धरू नका. तेल मुरलेला पॅड भाजून, घासून सुधारत नाही, बदलावाच लागतो.
- ब्रेकची धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसा.

आवाज ओळखा

सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर आणि मग शांत: रात्रीच्या दमट हवेचा वरवरचा गंज. काळजी नको.

नवीन पॅड, पहिल्या काही दिवसांत अधूनमधून बारीक चीं: बसायचं काम अपुरं राहिलं असेल. वरची पद्धत एकदा परत करा.

हलक्या ब्रेकला दर वेळी कर्कश आवाज: पिना, क्लिपा, शिम किंवा ग्लेझ झालेला पॅड. उघडून बघा.

गाडी चालताना सतत शीळ: बऱ्याच पॅडना एक लोखंडी पत्ती असते. मसाला संपत आला की ती डिस्कला घासून इशारा देते. मसाला ३ मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदला.

लोखंडावर लोखंड घासल्यासारखं खर्र: गाडी माल घेऊन निघता कामा नये.

एकच चाक खूप गरम, गाडी एका बाजूला ओढते: कॅलिपर अडकला आहे. आवाज नसला तरी लगेच दाखवा.

खाऱ्या पाण्याची सवय मोडा

क्रेटमधून गळणारं बर्फाचं खारं पाणी हौद्यातून सरळ चाकावर पडू देऊ नका. नळी लावून चाकापासून लांब सोडा. माल उतरवल्यावर चाकं गोड्या पाण्याने धुवा, पण ब्रेक तापलेले असताना नाही. आधी थंड होऊ द्या. धुतल्यावर गाडी थोडी फिरवून चार-पाच हलके ब्रेक लावा म्हणजे डिस्क सुकते. होडी ओढायला गाडीची चाकं समुद्रात उतरवत असाल तर हे दर वेळी करायलाच हवं.

बंदीच्या काळात गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागचे लायनर ड्रमला चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड किंवा लाकूड लावा. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, ते साधारण दोन वर्षांनी बदला. डॉट ३ की डॉट ४ हे टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं.

आणि ब्रेक कितीही चांगले असले तरी घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच्याच आसपासच्या गिअरमध्ये उतरा. पेडलवर सतत पाय ठेवू नका. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून डिझेल वाचवायला जाऊ नका.

गाडीचे मालक आपण असलो तरी रात्री गाडी चालवतो तो आपला मुलगा, भाऊ नाहीतर पगारी ड्रायव्हर. हे त्याला पाठवा, आणि वाचायला वेळ नसेल तर वाचून दाखवा. पॅड कधी बदलले ती तारीख आणि किलोमीटर गाडीतल्या वहीत लिहून ठेवा. मासळी एक दिवस उशिरा पोचली तर नुकसान भरून काढता येतं.