गावास पुराचे भय किती?

पंचगंगेच्या काठी राहणाऱ्यांस पूर नवा नाही. तथापि आपल्या गावास त्याचे नेमके भय किती, असे विचारले असता बहुतेक जण भिंतीवरील जुनी खूण दाखवितात. ती खूण उपयोगाची खरी, पण ती मर्यादा नव्हे. २००५ साली पाणी आले तेथवरच येईल असे समजून २०१९ च्या ऑगस्टात अनेक कुटुंबे घरातच राहिली, आणि पाणी त्या खुणेवर चढले. कोल्हापुराजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे; त्या वर्षी, व पुनः जुलै २०२१ मध्ये, तेथे ५५ फुटांहून अधिक पाणी होते.

हे पाणी येते कोठून? कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती ह्यांची मिळून पंचगंगा होते, आणि त्यांचे पाणी सह्याद्रीच्या माथ्याकडून उतरते. म्हणून आपल्या अंगणात ऊन पडले तरी गगनबावडा व राधानगरी येथे पाऊस किती झाला, हे विचारावे. राधानगरीचा तलाव भरला की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. ते कोणाच्या हुकुमाची वाट पाहत नाहीत. खाली नृसिंहवाडीस कृष्णा फुगलेली असली म्हणजे पंचगंगेचे पाणी तुंबते. त्यामुळे शिरोळ तालुक्यात पाऊस थांबल्यावरही ते लवकर ओसरत नाही. अलमट्टी धरणाचा वाद पारावर पुष्कळ चालतो. त्याच्या दशांश वेळ आपल्या ओढ्यावरचा पूल पाहण्यात गेला तर बरे होईल.

कारण भयाची खरी पारख त्या पुलाशी होते. घरात पाणी शिरण्याच्या पुष्कळ आधी वाट बंद होते. बंधाऱ्यावर किती फूट पाणी असता आपली वाट बुडते, हा आकडा प्रत्येक गावाने वृद्धांस विचारून व पावसाळ्यात स्वतः पाहून वहीत लिहावा. निघण्याची वेळ ह्या आकड्यावरून ठरवावी, उंबऱ्यावरून नव्हे. वाट बुडाल्यावर नाव उरते, आणि नावेचा भरवसा किती हे ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे दिसले. तेथे पूरग्रस्तांस घेऊन निघालेली नाव उलटून अनेकांचा अंत झाला.

त्याच वहीत अंथरुणास खिळलेले, गरोदर स्त्रिया व एकटे वृद्ध कोणत्या घरी आहेत हे असावे. गुरांचीही नोंद हवी. म्हैस सोडून कोण जाईल? पुष्कळ माणसे दावणीपायीच अडकतात. यास्तव गुरांची उंचावरील जागा व वैरण आधी ठरवावी, म्हणजे माणसे निघतील. पिण्याचे पाणीही भरून ठेवावे, कारण उपसा केंद्रे बुडाल्यामुळे २०१९ व २०२१ साली खुद्द कोल्हापूर शहरात नळ कोरडे पडले होते.

आणि ओढ्याकाठी भराव टाकून बांधलेली नवी घरे वहीत प्रथम लिहावी. त्यांच्या भिंतींवर २००५ ची खूण नाही. तेव्हा तेथे भिंतच नव्हती.