पॉवर सप्लाय विकत घेताना (आणि जोडताना)

कॉम्प्युटर घेताना आपण प्रोसेसर विचारतो, रॅम विचारतो, ग्राफिक्स कार्डावर तर होस्टेलच्या गच्चीत रात्ररात्र वाद घालतो. एसएमपीएस मात्र दुकानदार देईल तो! मीही त्यातलाच. गेल्या वर्षी आमच्या प्रोजेक्टच्या मशीनमधला सप्लाय बंद पडला. एका मित्राने दुसऱ्या कंपनीचा दिला. हार्ड डिस्कच्या केबल मशीनमध्ये छान बांधलेल्या होत्या, त्या कशाला सोडवा? तशाच नव्या सप्लायमध्ये खोचल्या. खटकन बसल्यादेखील. बटण दाबलं, वास आला आणि दोन्ही हार्ड डिस्क गेल्या. त्यातल्या एकीवर माझ्या पार्टनरचा दोन सेमिस्टरचा डेटा होता. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

झालं होतं असं. मॉड्युलर सप्लायच्या केबलचं डिस्ककडचं टोक ठरलेलं असतं : साटाच्या १५ पिनांपैकी ७ ते ९ वर ५ व्होल्ट, १३ ते १५ वर १२ व्होल्ट. पण सप्लायकडच्या टोकाला कोणतंही प्रमाण नाही, प्रत्येक कंपनी आपल्या मनाने पिना लावते. कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. प्लग बसतो, म्हणजे जोडणी बरोबर आहे असं नाही. आमच्याकडे ५ च्या जागी १२ व्होल्ट गेले.

मग विभागाने सीसॉनिकचा प्राइम टीएक्स-१००० मागवला आणि सर म्हणाले, "आता तूच तपासून घे, आणि लिहून दे." त्यातलंच हे थोडं.

खोक्यावर फार वेळ घालवू नका. कोपरे चेपलेले नाहीत, आत फोम आहे, सील शाबूत आहे, एवढं पुरे. आमचा सप्लाय कापडी पिशवीत होता, ते पाहून पोरांनी "लग्नाचा शालू!" म्हणून घेतलं. खरं वाचायचं ते सप्लायवरचं लेबल. १२ व्होल्टच्या एकाच रेलवर ८३ अँपियर, म्हणजे ९९६ वॉट. हजार वॉटपैकी जवळजवळ सगळे १२ वर मिळतात. स्वस्त मालात मोठा आकडा खोक्यावर असतो आणि १२ व्होल्टचे अँपियर गुणून पाहिले की निम्मेच भरतात.

८० प्लसचा टायटॅनियम शिक्का म्हणजे ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या लोडला ९४ टक्के कार्यक्षमता. ५०० वॉट हवे असतील तर भिंतीतून ५३२ घेणार, ३२ ची उष्णता. ८० टक्केवाला ६२५ घेईल आणि १२५ वॉटची शेगडी मे महिन्यात तुमच्या पायाशी ठेवील. पण हा शिक्का कार्यक्षमतेचा आहे. बांधणी आणि संरक्षण यांची हमी तो देत नाही.

बांधणी पाहायला कव्हर उघडू नका. वॉरंटी (इथे १२ वर्षांची) जाते हे एक, आणि आतल्या मोठ्या कपॅसिटरवर प्लग काढल्यावरही ३००-४०० व्होल्ट राहू शकतात हे दुसरं. जाळीतून टॉर्च मारा : कपॅसिटरवर १०५ अंश लिहिलंय का, एवढं तरी दिसतं.

केबलवर मात्र मी दोन तास घालवले. सगळ्या काळ्या, त्यामुळे पिवळी-लाल-हिरवी ओळखायची सोय नाही, पिना मोजायच्या. २४ पिनांच्या प्लगात १६ वी पिन शेजारच्या १७ व्या, म्हणजे ग्राउंडला जोडली की सप्लाय मदरबोर्डाशिवाय चालू होतो. आम्ही चालू केला तर पंखा फिरेना! सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाच मिनिटं घाम फुटल्यावर मागचं हायब्रिड बटण दिसलं. कमी लोडला पंखा मुद्दामच बंद राहतो. मल्टिमीटर लावला : १२.०८ आणि ५.०३. पाच टक्क्यांची सूट म्हणजे ११.४० ते १२.६० चालतं, तेव्हा उत्तम.

ग्राफिक्स कार्डाच्या ८ पिनी प्लगावर १५० वॉट धरतात. कार्डाला दोन प्लग असतील तर दोन वेगळ्या केबल ओढा, एकाच केबलची दोन तोंडं वापरू नका. नव्या १६ पिनी प्लगावर ६०० वॉट, म्हणजे ५० अँपियर सहा पिनांत, दर पिनेला आठाहून जास्त. २०२२ साली आरटीएक्स ४०९० कार्डांचे हे प्लग वितळल्याचं गाजलं, त्यात अर्धवट बसलेला प्लग हे एक कारण निघालं. २०२३ मध्ये पिनांची लांबी बदलून सुधारित प्लग आला. तरीही प्लग पूर्ण आत गेलाय का, हे वाकून, डोळ्यांनी पाहा.

शेवटी साटाची केबल. डिस्क न जोडता आधी ७ व्या पिनेवर मीटर धरला. ५.०३. तरी पार्टनर म्हणाला, "परत बघ." परत बघितलं. मग त्याने स्वतःच्या हाताने डिस्क जोडली, मला लावू दिली नाही.

जुन्या सप्लायच्या केबल आता कपाटात वेगळ्या पिशवीत आहेत, वर मॉडेलचं नाव लिहून. कोणाला हव्या असतील तर देणार नाही.