शब्द तेच, जागा चुकली!



कंपन्या कॅम्पसवर यायला लागल्या की होस्टेलवर एक गोष्ट दर वर्षी बघायला मिळते. ज्याच्या खोलीत अख्खा मजला थर्मोडायनॅमिक्सची गणितं समजून घ्यायला जमतो, तोच ग्रुप डिस्कशनमध्ये तोंड न उघडता परत येतो. विचारलं तर म्हणतो, "शब्द सगळे येत होते रे, पण वाक्य जुळत नव्हतं." त्याचं म्हणणं खरं असतं. मराठी माध्यमातून आलेल्या बऱ्याच जणांना शब्द माहीत असतात, स्पेलिंग येतं, अडचण येते ती शब्दांच्या क्रमाची. हा दोष बुद्धीचा नाही आणि थोड्या सरावाने तो जातोही. म्हणून हा लेख.

आधी मूळ कारण पाहू. 'वाघाने हरणाला मारले', 'हरणाला वाघाने मारले', 'मारले वाघाने हरणाला' या तिन्ही वाक्यांत मेलं ते हरणच! कारण 'ने' आणि 'ला' हे प्रत्यय शब्दांना चिकटलेले आहेत. शब्द कुठेही ठेवा, कोणी काय केलं ते कळतं. इंग्रजीत 'द टायगर किल्ड द डिअर' मधल्या नामांची अदलाबदल केली तर हरीण वाघाला मारतं. आपल्या भाषेत सांगायचं तर मराठीच्या प्रत्येक वायरला लेबल लावलेलं आहे. इंग्रजीच्या वायरी सगळ्या एकाच रंगाच्या, कोणती कुठली हे फक्त टर्मिनलवरून ओळखायचं. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही असे प्रत्यय होते. ते काळाच्या ओघात झिजले आणि शब्दांच्या जागा पक्क्या झाल्या. म्हणून इंग्रजीत जागा हेच व्याकरण.

आता नेहमीच्या चुका एकेक करून पाहू.

१) क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये शिरू नका

'आय लाइक व्हेरी मच धिस सब्जेक्ट' हे वाक्य खटकतं. इंग्रजीत क्रियापदाला आपलं कर्म लगेच शेजारी हवं असतं. म्हणून 'आय लाइक धिस सब्जेक्ट व्हेरी मच'. जर्नलमध्ये 'वी नोटेड केअरफुली द रीडिंग्ज' असं न लिहिता 'वी नोटेड द रीडिंग्ज केअरफुली' किंवा 'वी केअरफुली नोटेड द रीडिंग्ज' असं लिहा.

स्थळ आणि काळ यांचंही तसंच. मराठीत आपण 'काल लॅबमध्ये मोटर टेस्ट केली' म्हणतो. इंग्रजीत साधारणपणे आधी स्थळ, मग काळ : 'वी टेस्टेड द मोटर इन द लॅब यस्टरडे'. काळावर जोर द्यायचा असेल तर 'यस्टरडे' अगदी सुरुवातीला चालतं, पण मध्ये कुठेतरी कोंबू नये.

२) उलटी साखळी

'कॉलेजच्या मागच्या होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावरची खोली' हे इंग्रजीत कसं सांगाल? शेवटून सुरुवात करा : 'द रूम ऑन द थर्ड फ्लोअर ऑफ द हॉस्टेल बिहाइंड द कॉलेज'. मराठीत जे शेवटी येतं ते इंग्रजीत पहिलं, जणू आरशातलं प्रतिबिंब. फक्त 'तिसरा मजला' ही जोडी उलटत नाही, कारण विशेषण दोन्ही भाषांत नामाच्या आधीच येतं. लांबलचक वर्णन अडलं की मराठी वाक्य मनात म्हणा, शेवटचं नाम पकडा आणि मागे मागे चालत या.

३) नामांची रांग

इंजिनिअरिंगची इंग्रजी नामांच्या रांगांनी भरलेली आहे. इथे नियम एकच. रांगेतलं शेवटचं नाम हीच मुख्य वस्तू, आधीची सगळी तिची विशेषणं. 'टेस्ट बेंच' म्हणजे चाचणीचं टेबल आणि 'बेंच टेस्ट' म्हणजे टेबलावर घेतलेली चाचणी. 'वॉटर टँक' ही टाकी, 'टँक वॉटर' हे टाकीतलं पाणी. मराठीतही हेच आहे. 'पाणचक्की' ही चक्कीच असते, पाणी नव्हे. तेव्हा 'इंडक्शन मोटर स्पीड कंट्रोल सर्किट' असं काही दिसलं तर घाबरायचं कारण नाही. ते एक सर्किट आहे. कशाचं? कंट्रोलचं. कशाच्या? स्पीडच्या. असं मागून उलगडत जा. प्रोजेक्टचं शीर्षक ठरवतानाही ही कसोटी लावून बघा.

४) विशेषणांचा क्रम

एका नामाला दोन-तीन विशेषणं लागली तर ढोबळ क्रम असा : मत, आकारमान, वय, आकार, रंग, मूळ ठिकाण, पदार्थ, उपयोग. म्हणून 'अ स्टील रेक्टँग्युलर लार्ज टँक' नाही, तर 'अ लार्ज रेक्टँग्युलर स्टील टँक'. सगळा क्रम पाठ होत नसेल तर एवढंच लक्षात ठेवा : वस्तू कशाची बनली आहे आणि कशासाठी आहे, हे नामाला सर्वांत जवळ.

५) प्रश्न आणि प्रश्नातला प्रश्न

'व्हाय यू आर लेट?' हा सरळ मराठी क्रम झाला. थेट प्रश्नात सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं : 'व्हाय आर यू लेट?' हे एकदा शिकलं की आपण सगळीकडेच उलटं करत सुटतो! 'कॅन यू टेल मी व्हेअर इज द लॅब?' यात खरा प्रश्न 'कॅन यू' पाशीच विचारून झाला. पुढचा भाग साधं वाक्य, म्हणून 'व्हेअर द लॅब इज'. ओरलमध्ये उत्तर आलं नाही तर 'आय डोन्ट नो व्हॉट इज द रीझन' म्हणू नका. 'आय डोन्ट नो व्हॉट द रीझन इज' म्हणा. उत्तर चुकलं तरी इंग्रजी तरी बरोबर असू द्या!

६) 'च' आणि 'ओन्ली'

'आजच आलो' याचं आपण 'आय केम टुडे ओन्ली' करतो. भारतात ते सगळ्यांना कळतं आणि गप्पांत चालूनही जातं. पण लेखी कामात जपायला हवं. मराठीचा 'च' शब्दाच्या मागे लागतो, 'ओन्ली' मात्र शक्यतो त्या शब्दाच्या पुढे ठेवावा. प्लांटमधल्या दोन सूचना बघा :

'ओन्ली ट्रेन्ड स्टाफ शुड ओपन धिस व्हॉल्व्ह' : प्रशिक्षित माणसांनीच हा व्हॉल्व्ह उघडावा.

'ट्रेन्ड स्टाफ शुड ओपन ओन्ली धिस व्हॉल्व्ह' : प्रशिक्षित माणसांनी हाच व्हॉल्व्ह उघडावा.

शब्द जवळजवळ तेच, पण दुसरी पाटी नवख्या माणसाला अडवत नाही. इथे प्रश्न मार्कांचा नाही, माणसाच्या जिवाचा आहे.

७) भट्टीत कोण गेलं?

'आफ्टर बीइंग हीटेड इन द फर्नेस, द स्टुडंट्स क्वेंच्ड द स्पेसिमेन इन ऑइल.' व्याकरणाप्रमाणे इथे भट्टीत विद्यार्थीच तापले! सुरुवातीच्या तुकड्याचा कर्ता स्वल्पविरामानंतर लगेच यायला हवा. म्हणून 'आफ्टर बीइंग हीटेड इन द फर्नेस, द स्पेसिमेन वॉज क्वेंच्ड इन ऑइल'. जर्नलची कोणतीही चार पानं उघडा, अशी एखादी भट्टी सापडण्याची शक्यता बरीच आहे.

थोडा सराव

खालील वाक्यं आधी स्वतः दुरुस्त करा, उत्तरं नंतर बघा.

अ) आय फिनिश्ड यस्टरडे द जर्नल.
आ) धिस वायर इज नॉट इनफ थिक.
इ) द पंप इज रनिंग ड्राय, स्विच ऑफ इट.
ई) ही आस्क्ड मी व्हाय वॉज द मोटर हॉट.

उत्तरे : अ) आय फिनिश्ड द जर्नल यस्टरडे. आ) नॉट थिक इनफ ('इनफ' विशेषणाच्या नंतर येतं, पण नामाच्या आधी : 'इनफ टाइम'). इ) स्विच इट ऑफ ('स्विच ऑफ द पंप' चालतं, पण 'इट' सारखं सर्वनाम मध्येच बसतं). ई) व्हाय द मोटर वॉज हॉट.

शेवटी दोन गोष्टी. बोलताना हे नियम आठवत बसू नका, नाहीतर बोलणंच थांबेल. चुकीच्या क्रमाने बोललेलं वाक्य बहुतेक वेळा समोरच्याला कळतं, न बोललेलं कोणालाच कळत नाही. नियम वापरायचे ते लिहिताना. रोज जर्नलमधली पाच वाक्यं रूम पार्टनरच्या पुढ्यात ठेवा आणि दोघं मिळून शब्दांच्या जागा तपासा. हाताला सवय लागली की जिभेलाही हळूहळू लागते.

आणि सरांना, मॅडमना एक विनंती. ओरलला एखाद्याचं वाक्य उलटसुलट आलं तर आधी त्याचं इंजिनिअरिंग ऐकून घ्या, वाक्य मग सरळ करून द्या. वर्गात कोणी अडखळला तर आपण मुलांनीही हसू नये. एकदा हसं झालं की पुढची दोन वर्षं तो हात वर करत नाही, आणि त्याला येत असलेलं उत्तर आपल्या कोणाच्याच कानावर पडत नाही.